लहान टू-स्ट्रोक इंजिनात दाबाने हवा भरताना नेमके अडते कुठे?

आपला प्रश्न मला समजला तो असा : आपल्याकडे ८० सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याची ताकद दीडपट करण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरणारा छोटा सुपरचार्जर, मोटारीतला सर्वांत लहान टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा हवेचा पंप) किंवा तेही न जमल्यास पाने उडवायचा बॅटरीवरचा ब्लोअर बसवावा, असा आपला विचार आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते आणि टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला घेते. मग दाबाने हवा भरण्याचा फायदा इथे दुप्पट व्हायला हवा, तरीही कोणी हे करताना का दिसत नाही, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. मीही याच तर्काने सुरुवात केली होती.

टू-स्ट्रोक इंजिने बांधणे, त्यांचे पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या वाटा, घासून आकाराला आणणे आणि त्यांना एक्झॉस्टचे पाइप बनवून देणे हे माझे काम आहे. दाबाने हवा भरण्याचे तीन प्रयोग मी स्वतः केले. त्यांतला पहिला निष्फळ ठरला, दुसऱ्यात बारा मिनिटांत पिस्टनला भोक पडले आणि तिसरे इंजिन अजून चालते आहे. हे तिन्ही प्रयोग पुढे ओघाने येतील, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातील फरकात आहे.

हवा आत ढकलणे हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते ती आत अडवून ठेवणे. समजा, जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या फेऱ्यातील १९० अंश आणि क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या पेटीतून) ताजे मिश्रण आत आणणारा ट्रान्स्फर पोर्ट १२५ अंश उघडे राहतात; आपल्यासारख्या इंजिनात हे आकडे अनेकदा याच घरात असतात. दोन्ही पोर्ट पिस्टनच्याच कडेने उघडतात आणि मिटतात, त्यामुळे पिस्टन खाली जाताना जो क्रम असतो त्याच्या बरोबर उलटा क्रम तो वर येताना घडतो. खाली जाताना एक्झॉस्ट आधी उघडतो आणि ट्रान्स्फर नंतर. वर येताना ट्रान्स्फर आधी मिटतो आणि एक्झॉस्ट त्यानंतर. या शेवटच्या सुमारे ३२ अंशांत आत येण्याची वाट बंद झालेली असते, बाहेर जाण्याची वाट उघडी असते आणि वर येणारा पिस्टन ताजे मिश्रण त्या उघड्या वाटेकडे लोटत असतो. ९००० आरपीएमला हा टप्पा सुमारे ०.६ मिलिसेकंदाचा असतो, आणि इंजिनाची ताकद बहुतांशी याच टप्प्यात ठरते. एक्झॉस्ट पोर्ट मिटण्याच्या क्षणी सिलिंडरमध्ये किती दाब उरेल, हे त्या क्षणी पोर्टच्या पलीकडे, म्हणजे पाइपमध्ये, किती दाब आहे यावर अवलंबून असते. मागून कितीही जोराने भरले तरी पुढचे दार उघडे आहे, तोवर जादा भरलेले मिश्रण पाइपमधून निघून जाते.

फोर-स्ट्रोकमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण इनटेक व्हॉल्व्ह हवा घेत असतो त्या बहुतेक काळात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटलेला असतो आणि इनटेकला जेवढा दाब द्यावा तेवढा सिलिंडरमध्ये राहतो. म्हणजे आपल्या तर्कातील चूक फेऱ्यांच्या मोजणीत नाही. हवा घेताना सिलिंडर बंद भांड्यासारखा वागतो, हे जे त्यात गृहीत धरले आहे तिथे ती आहे. टू-स्ट्रोकचा सिलिंडर त्या वेळी दोन्ही बाजूंनी उघड्या नळीसारखा असतो.

माझा पहिला प्रयोग नेमका या चुकीचा होता. पाण्याने थंड होणाऱ्या १२५ सीसी इंजिनावर मी पट्ट्याने फिरणारा पात्यांचा सुपरचार्जर बसवला आणि एक्झॉस्टचा मूळ पाइप तसाच ठेवला. कार्ब्युरेटरपाशी दाब व्यवस्थित मिळत होता, दाबमापकाचा काटा पाहून मीच हरखून गेलो होतो. प्रत्यक्षात खालच्या आरपीएमला ओढ किंचित सुधारली, वरच्या आरपीएमला जवळजवळ काहीच फरक पडला नाही, कारण जे थोडे मिळत होते ते सुपरचार्जर फिरवण्यातच खर्च होत होते, आणि पेट्रोल मात्र इतके जाऊ लागले की पाइपच्या शेपटीतून न जळलेल्या मिश्रणाचा वास येत होता. वर एकदा ते मिश्रण पाइपमध्येच पेटले आणि सायलेन्सरची मागची टोपी उडाली. सिलिंडर आतून स्वच्छ धुऊन निघत होता, म्हणजे स्कॅव्हेंजिंग उत्तम होत होते, एवढेच त्या सुपरचार्जरचे श्रेय.

आता आपल्या इंजिनाला कोणता पाइप आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझे अर्धे उत्तर त्यावर अवलंबून आहे. टू-स्ट्रोकला हवा अडवून ठेवणारे साधन फार पूर्वीच मिळालेले आहे, ते म्हणजे फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर. सिलिंडरमधून निघालेली दाबाची लाट रुंद होत जाणाऱ्या शंकूत शिरली की मागे ओढ निर्माण होते आणि ती ट्रान्स्फरमधून ताजे मिश्रण खेचून घेते, इतके की काही मिश्रण पाइपच्या गळ्यातही येऊन थांबते. पुढे तीच लाट अरुंद होत जाणाऱ्या शंकूवर आपटून दाबाच्या रूपाने परत येते आणि त्या ०.६ मिलिसेकंदांत पोर्टपाशी पोचून गळ्यातले मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते. वर दिलेल्या पोर्टच्या मापांनुसार एक्झॉस्ट ३.५ मिलिसेकंद उघडा असतो; तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला तर जाऊन-येऊन पावणेदोन मीटर अंतर होते, म्हणून पोर्टपासून परतीच्या शंकूपर्यंतची लांबी ८८ सेंटिमीटरच्या जवळपास येते. फिरते भाग नाहीत, पट्टा नाही, इंजिनाकडून ताकद घेणे नाही; असा सुपरचार्जर दुसऱ्या कोणत्याही यंत्राला लाभलेला नाही, असे मला वाटते.

या पाइपची ताकद किती असू शकते, याचे उदाहरण पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कारखान्याचे आहे. तेथे अभियंता वॉल्टर काडेन यांनी डिस्क व्हॉल्व्ह (क्रँककेसमध्ये मिश्रण सोडणारी फिरती चकती) आणि पाइप यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६१ पर्यंत १२५ सीसीमधून सुमारे २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तीही सुपरचार्जरशिवाय. पुढे १२५ सीसीची शर्यतीची इंजिने पन्नास अश्वशक्तीच्याही पुढे गेली.

उलट, सुपरचार्जर लावून जिंकलेली टू-स्ट्रोक इंजिनेही होऊन गेली आहेत, आणि ती का चालली हे पाहण्यासारखे आहे. १९३० च्या दशकातील डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींत एका ज्वलनकक्षाखाली दोन बोअर (पिस्टनच्या नळ्या) आणि दोन पिस्टन असत. एक पिस्टन एक्झॉस्ट सांभाळी आणि दुसरा ट्रान्स्फर. दोन्ही पिस्टनांच्या चालीत थोडे अंतर ठेवल्यामुळे एक्झॉस्ट आधी मिटे आणि ट्रान्स्फर नंतर, त्यामुळे दाबाने भरलेली हवा खरोखरच आत राही. एवाल्ड क्लुगे यांनी अशाच २५० सीसी डीकेडब्ल्यूवर १९३८ साली आइल ऑफ मॅन बेटावरची लाइटवेट टीटी ही मोटारसायकल शर्यत जिंकली. ही यंत्रे पेट्रोल पिण्याबद्दल आणि कर्कश आवाजाबद्दलही तितकीच प्रसिद्ध होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकल शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली आणि हा मार्ग तिथेच थांबला.

डेट्रॉइट डिझेलच्या १९३८ पासूनच्या ७१ मालिकेतील टू-स्ट्रोक इंजिनांवर रूट्स ब्लोअर (इंजिनाने फिरणारा हवेचा पंप) असतो, त्याचा दाखला मला नेहमी दिला जातो. त्या इंजिनांत एक्झॉस्टसाठी हेडमध्ये वेगळे व्हॉल्व्ह आहेत, क्रँककेस पंप म्हणून वापरलेला नाही, त्यामुळे ब्लोअरशिवाय ती चालूच शकत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांत एक्झॉस्टमधून निसटते ती नुसती हवा, कारण डिझेल नंतर फवारले जाते. आपल्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात निसटणाऱ्या प्रत्येक घोटाबरोबर पेट्रोल आणि ऑइलही जाते.

म्हणजे दाब एक्झॉस्टच्या बाजूला धरून ठेवला तर मार्ग निघतो, आणि माझा दुसरा प्रयोग यातूनच आला. त्याच १२५ सीसी इंजिनावर, त्याच सुपरचार्जरसह, मी पाइपच्या शेपटीचे भोक लहान करत गेलो. भोक लहान झाले की पाइपमधील सरासरी दाब वाढतो. लाटा पूर्वीसारख्याच ये-जा करतात, फक्त त्या आता वातावरणाच्या दाबावर स्वार न होता वाढलेल्या दाबावर स्वार होतात. कार्ब्युरेटर, क्रँककेस, सिलिंडर आणि पाइप हे सगळे एकाच उंचीने वर उचलले गेले. पहिल्यांदाच इंजिनाने खरी ताकद दाखवली, हाताला जाणवेल एवढी. बारा मिनिटांनी एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनच्या माथ्यावर पेन्सिल जाईल असे भोक पडले होते. तत्त्व बरोबर निघाले आणि पिस्टन गेला.

आता टर्बोचे महत्त्व लक्षात येईल. पाइपच्या शेपटीनंतर टर्बाइन बसवली की ती शेपटी अरुंद केल्यासारखेच काम करते, पण अडवलेल्या वायूची ऊर्जा फुकट न घालवता तिच्यावर कॉम्प्रेसर फिरवते. एका बाजूला दाब वाढतो तसा दुसऱ्या बाजूलाही वाढतो, म्हणून टू-स्ट्रोकच्या बाबतीत सुपरचार्जरपेक्षा टर्बो स्वभावाने अधिक जुळतो. माझे तिसरे इंजिन हे पाण्याने थंड होणारे, दोन सिलिंडरचे, ५०० सीसीचे आणि इंजेक्शनचे आहे. त्याची टर्बाइन पाइपच्या शेपटीनंतर आहे आणि इनटेकचा दाब ०.४ बारच्या वर मी कधी नेत नाही. त्यावर दोन दाबमापक कायमचे लावलेले आहेत, एक इनटेकच्या डब्यावर आणि एक पाइपच्या पोटावर. दोन्ही काटे जवळजवळ एकत्र चालले तर इंजिन खूश असते. पाइपचा दाब इनटेकच्या बराच वर गेला तर जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि इंजिन गुदमरते. इनटेकचा दाब बराच वर गेला तर मिश्रण पाइपमधून वाहून जाते. टर्बाइनचे घर कोणत्या मापाचे घ्यावे, हे माझ्या मते या दोन काट्यांवरून ठरवावे. कोष्टकांवरून केलेले दोन अंदाज माझे चुकले होते.

कारखान्यातून टर्बोसह बाहेर पडलेल्या आधुनिक टू-स्ट्रोक इंजिनांत रोटॅक्स कंपनीचे २०२० सालच्या मॉडेलचे ८५० सीसी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारे वाहन) इंजिन ठळक आहे, आणि त्यानंतर पोलारिस कंपनीने २०२२ च्या मॉडेलसाठी आपले ८५० सीसी टर्बो इंजिन आणले. रोटॅक्सच्या त्या पहिल्या इंजिनाचे उद्दिष्ट लक्षात घ्या : समुद्रसपाटीला मिळणारी १६५ अश्वशक्ती सुमारे ८००० फूट उंचीपर्यंत टिकवणे. म्हणजे विरळ हवेत जे हरवते तेवढेच टर्बोने भरून काढायचे, त्यामुळे पिस्टन, क्रँक आणि पाइप यांच्यावर समुद्रसपाटीपेक्षा फारसा जादा भार येत नाही. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने एक्झॉस्टमधून निसटणारा वाटाही मुख्यतः हवेचाच असतो. आपण इंजिन कायम उंचावर चालवणार असाल तर ही कल्पना आपल्यालाही लागू पडते, कारण ३००० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. सपाटीवर दीडपट ताकद मागणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

यापुढची अडचण आकाराची आहे. ८० सीसीचे इंजिन ९००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ७२० लिटर हवा गिळते, वजनात सेकंदाला १४ ग्रॅमच्या आसपास. सहज मिळणारे सर्वांत लहान टर्बो ६६० सीसीच्या चिमुकल्या मोटारींसाठी घडवलेले असतात. तशी मोटार ७००० आरपीएमला दाबाशिवायच मिनिटाला २३०० लिटर घेते आणि दाबासह त्याहून पुष्कळ अधिक. आपल्या इंजिनाचा वायू त्या टर्बाइनला एक पंचमांश किंवा त्याहून कमी मिळेल, आणि एवढ्यावर ती आळसावून फिरेल, दाब देणार नाही. त्याहून लहान टर्बो बनवायचा तर पाती इतकी लहान होतात की पाते आणि घर यांमधील फटीतूनच बरीचशी हवा मागे फिरते, आणि उपयोगी दाबासाठी फिरण्याचा वेग दोन लाख आरपीएमच्या पुढे न्यावा लागतो. त्यात टर्बोच्या बेअरिंगला दाबाने ऑइल लागते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जाऊन जळते, दाबाचे ऑइल कुठेच नसते. म्हणजे टर्बोसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप आणि ऑइल परत आणण्याची वेगळी नळी आली. या सगळ्याचे वजन आपल्या इंजिनाच्या निम्म्याने भरेल.

ब्लोअरबद्दलही आकडेच बोलू द्यावेत. पाने उडवायच्या चांगल्या ब्लोअरच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ७० मीटर असला, तर ती हवा पूर्ण अडवल्यावर मिळणारा दाब सुमारे ०.०३ बार होतो, म्हणजे वातावरणाच्या तीन टक्के. सगळे जमून आले तरी ताकदीतली वाढ त्याहून मोठी असणार नाही, आणि एअर फिल्टर स्वच्छ केल्याने कधी कधी एवढा फरक पडतो. खऱ्या ०.४ बारसाठी त्याच १४ ग्रॅम हवेला, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६० टक्के धरून, सातशे वॉटपेक्षा थोडी अधिक शक्ती लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हा ६० अँपिअरचा प्रवाह झाला, मोटरमधील तूट वेगळी. लहान इंजिनाच्या मॅग्नेटोला (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या भागाला) हे झेपणारे नाही. शिवाय दाबलेली हवा त्याच वेळी सुमारे ५० अंश सेल्सिअसने तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलरही आला.

तरीही कोणी करायचेच ठरवले तर कार्ब्युरेटर आणि क्रँककेस या दोन ठिकाणी हमखास अडते. दाब कार्ब्युरेटरच्या मागून दिला की फ्लोटच्या वाटीतील (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या साठ्याच्या वाटीतील) पेट्रोलवरही तोच दाब पोचवावा लागतो, नाही तर पेट्रोल जेटमधून वर चढण्याऐवजी मागे ढकलले जाते आणि मिश्रण ऐन भरात पातळ पडते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. वाटीवर दाब आला की टाकीतून पेट्रोल आपोआप उतरत नाही, ०.४ बारच्या विरुद्ध नुसत्या उंचीने उतरवायचे तर टाकी इंजिनाच्या साडेपाच मीटर वर टांगावी लागेल. म्हणजे पंप आला, आणि इनटेकच्या दाबाबरोबर आपला दाब वाढवणारा रेग्युलेटरही आला. कार्ब्युरेटर कॉम्प्रेसरच्या अलीकडे ठेवून मिश्रणच कॉम्प्रेसरमधून नेण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण मग कॉम्प्रेसरपासून रीड व्हॉल्व्हपर्यंतची (क्रँककेसच्या तोंडाशी असलेल्या, एकाच दिशेने उघडणाऱ्या पाकळ्यांपर्यंतची) संपूर्ण नळी पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेली असते आणि एक उलटा भडका तिची वाट लावतो. इंटरकूलरही अशा मांडणीत ठेवता येत नाही, कारण पेट्रोल त्यात निथळून साचते. तो मार्ग मी सुचवणार नाही.

क्रँककेसचे दुखणे अधिक चोरटे आहे. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील मूळ रचनेत आळीपाळीने येणारा थोडा दाब आणि थोडी ओढ सोसण्यासाठी असतात. तिथे सततचा जादा दाब आला की ती हळूहळू आपल्या खाचेतून बाहेर सरकतात, आणि मॅग्नेटोच्या बाजूचे सील सरकले की तिथून बाहेरची हवा येऊन मिश्रण पातळ होते. त्याचे पुढचे पाऊल पिस्टन सीझ होणे, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जखडणे, हे असते. क्लचच्या बाजूचे सील गळले तर गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून धूर येऊ लागतो, ती त्यातल्या त्यात दयाळू सूचना म्हणायची. माझ्या तिसऱ्या इंजिनात मी दोन्ही सीलांवर बाहेरून पातळ पोलादी चकती स्क्रूने आवळली आहे, आणि ज्या दाबावर इंजिन चालते त्याच्या दुप्पट दाब भरून, साबणाचे पाणी लावून, गळती तपासल्याशिवाय मी ते सुरू करत नाही. रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्यांचेही असेच आहे. इनटेक आणि पाइप दोन्हीकडे दाब सारखा वाढला असेल तर पाकळ्यांना वेगळे काही जाणवत नाही. दाब फक्त इनटेकला असेल तर त्या अर्धवट उघड्याच राहतात, फडफडतात आणि टोकांना चिरतात. पहिल्या प्रयोगात मी पाकळ्यांचे दोन संच असे घालवले.

राहता राहिली उष्णता, आणि आपल्या बाबतीत निर्णय बहुधा तिथेच होईल. ९००० आरपीएमला टू-स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला १५० वेळा ज्वाला सोसतो, त्याच वेगाने फिरणाऱ्या फोर-स्ट्रोकचा ७५ वेळा. फोर-स्ट्रोकमध्ये मधली एक फेरी विसाव्याची असते आणि पिस्टनच्या खालच्या बाजूला ऑइल उडत असते; इथे विसावा नाही आणि ऑइलही मिश्रणातून येते तेवढेच. एक्झॉस्टच्या बाजूची कड तर आधीच सर्वांत गरम असते. दाब वाढवला की नॉकिंगची (मिश्रण अवेळी स्वतःहून भडकण्याची) शक्यता वाढते, म्हणून कॉम्प्रेशन उतरवावे लागते आणि ठिणगी उशिरा द्यावी लागते. ठिणगी उशिरा दिली की उष्णता पिस्टनऐवजी पाइपमध्ये जाते, पाइपमधील वायू तापतो, लाटेचा वेग वाढतो आणि पाइपचा जुळलेला आरपीएम वर सरकतो. वायू ५०० वरून ६०० अंशांवर गेला तर हा फरक सहा टक्के होतो, म्हणजे ९००० ला जुळलेला पाइप साडेनऊ हजारांच्या पुढे जुळू लागतो. मग त्या वेगाला इंजिन नेण्यासाठी आपण गिअरिंग बदलतो, उष्णता आणखी वाढते आणि हे चक्र चालूच राहते. पाण्याचे जॅकेट आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा मापक असेल तर यातून वाट काढता येते. केवळ हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरवर, हवेचा झोत जिथे पोचत नाही त्या मागच्या बाजूला सिलिंडर वाकडा प्रसरण पावतो, आणि रिंगा त्याच्याशी जुळवून घेऊ शकत नाहीत.

क्रँकविषयी एकच सांगतो : लहान इंजिनांचे क्रँक दाबून बसवलेल्या पिनचे असतात आणि टॉर्क दीडपट केला की पिन आपल्या जागी फिरू शकते. ती फिरली की दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत आणि बेअरिंगे जातात. पिनला वेल्डिंग करून घेणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

एवढे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करूनही, ८० सीसीच्या, कार्ब्युरेटरच्या आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर मी टर्बो किंवा सुपरचार्जर बसवणार नाही, आणि कोणी पुरेसे पैसे देऊ केले तरी आधी त्याला दुसरा मार्ग दाखवीन. आपल्या इंजिनाला आज साधा डबा-सायलेन्सर असेल तर पोर्टच्या मापांना जुळणारा एक्स्पान्शन चेंबर, हेडचे स्क्विश अंतर (पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांमधील फट) नीट करणे आणि त्याप्रमाणे जेट बदलणे एवढ्याने आपण मागता ती दीडपट ताकद अशक्य नाही. मात्र ती काही हजार आरपीएमच्या अरुंद पट्ट्यातच मिळेल आणि त्या पट्ट्याखाली इंजिन आजच्यापेक्षा थोडे मऊ वाटेल. इंजिन जनरेटरसारखे एकाच वेगाने चालणार असेल तर याचे काहीच बिघडत नाही. वाहनावर असेल तर गिअर किती आहेत यावर सुख अवलंबून राहील. इंजिनाला आधीच चांगला चेंबर असेल आणि तरीही दीडपट हवे असेल, तर मोठ्या सीसीचे इंजिन घेणे या सगळ्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडते.

पुढे जायचे ठरवलेत तर आधी तीन मापे घेऊन कळवा. प्लग काढून त्या जागी डायल गेज लावा, पिस्टन अगदी वरच्या स्थितीत आणा आणि क्रँकच्या टोकाला अंशांची चकती बसवून तिचे शून्य तिथे जुळवा. मग क्रँक हाताने सावकाश फिरवत एक्झॉस्ट पोर्ट किती अंशांवर उघडतो आणि ट्रान्स्फर किती अंशांवर उघडतो ते लिहून घ्या. पोर्टमधून विजेरीचा प्रकाश सोडला तर नेमका क्षण चुकत नाही. तिसरे माप स्क्विशचे : प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार पिस्टनच्या पिनच्या रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, क्रँक एकदा वरून फिरवा आणि चेपलेले टोक मायक्रोमीटरने मोजा. हेच दुसऱ्या बाजूलाही करा, कारण पिस्टन किंचित झुकतो आणि एका बाजूचे माप फसवे येते. या तीन आकड्यांबरोबर सध्याच्या पाइपची लांबी आणि शेपटीचा आतला व्यास पाठवलात, तर चेंबरचे शंकू कोणत्या मापाचे काढायचे ते मी आपल्याला हिशेबासह लिहून देईन.